न्यू, न्यू न्यू आणि मेन

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आपल्याकडे म्हणतात. टाकळीकर अजून आहेत, चांगले ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी सोय झाली आहे.

सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं मुद्रितं तपासली. खाली छपाईची यंत्रं, वरच्या लांबट खोलीत सहा कॉम्प्युटर, आणि खोलीच्या टोकाला खिडकीकडे पाठ करून बसलेले टाकळीकर सर. त्यांना सर का म्हणत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी कुणाला काही शिकवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. लिहायची वेळ आली की मात्र माझ्या टेबलावरचं पेन उचलायचे आणि झाकण तिथंच ठेवून जायचे. कीबोर्डला हात लावण्याआधी त्यावर फुंकर मारायचे. दिवसातून पन्नासदा. आधीच्या माणसानं जणू तिथं राख सांडून ठेवली आहे, असा त्या फुंकरीचा आविर्भाव असे.

त्यांचं मोठेपण कशावर उभं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पुस्तकांची पानं लावायचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरायचो, त्याच्या तीन आवृत्त्या प्रत्येक मशीनवर होत्या. एक जुनी, एक मधली, एक नवी. ही काही चैन नव्हती. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली जुन्या आवृत्तीत, जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या असत. तसली फाईल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केली की ती नवी होऊन बसते, परत जुन्यात उघडत नाही, आणि जुन्या फॉन्टमधली काही जोडाक्षरं वाटेत गळून पडतात. कुठली फाईल कशात उघडायची हे माहीत असणं, एवढ्यावर त्या खोलीतलं काम चालायचं.

आता ते माहीत कसं व्हावं? कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिन्ही आवृत्त्यांचं चित्र एकसारखं. खाली नाव लिहायला जागा असते, तिथं टाकळीकरांनी नावं दिली होती: ‘न्यू’, ‘न्यू न्यू’ आणि ‘मेन’. त्यातलं ‘न्यू’ हे सगळ्यात जुनं. ते बसवलं त्या दिवशी ते नवं होतं म्हणून न्यू. पुढं खरंच नवं आलं, तेव्हा ते न्यू न्यू. ‘मेन’ म्हणजे मधलं. ते मेन का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चौथ्या मशीनवर मेनचं नाव ‘ओरिजिनल टू’ होतं. मालकांच्या केबिनमधल्या मशीनवर तर दोन न्यू शेजारी शेजारी होते, आणि त्यातलं डावीकडचं वापरायचं नाही असा नियम होता. माणसं लोणच्याच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी लावतात. इथं लोकांची पुस्तकं होती.

त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी टाकळीकरांच्या टेबलाशी उभं. “सर, ही कशात उघडू?”

टाकळीकर लगेच उठत नसत. आधी कप खाली ठेवायचे. मग हातरुमालानं ओठ टिपायचे. मग विचारणाऱ्याकडे असं बघायचे, की त्या माणसाला आपण शाळेत जाऊन उगाच वर्षं घालवली असं वाटावं. “फाईलकडं बघून कळत नाही होय?” एवढं झाल्यावर उठायचे, खुर्ची घ्यायचे, मॉनिटर स्वतःकडे वळवायचे. समोरच्याला फक्त मॉनिटरची पाठ दिसायची. दोन-तीन मिनिटं क्लिकचा आवाज. मग मॉनिटर परत वळवून म्हणायचे, “करा आता.”

“कशात उघडली सर?”

“सांगून येत नसतं ते. नजर तयार व्हावी लागते.”

कुणी वहीत लिहून घ्यायला लागलं तर म्हणायचे, “लिहून काय घेता, पाठ पाहिजे.” कुणी पाठ केलं तर म्हणायचे, “घोकंपट्टीचं काम नव्हे हे, समजून घ्यायचं असतं.” दर आठवड्याला एकदा तरी मालकांच्या दारात उभं राहून ते म्हणायचे, “माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही.” छापखान्यात हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं होतं, आणि मालक दोन्ही अर्थांनी घाबरायचे.

त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी मालकांबरोबर करमाळ्याला गेले होते. टाकळीकर मूळचे तिकडचे. अक्षता पडून जेवणं चालू होती. टाकळीकर फेटा बांधून पंगतीच्या मधोमध उभे. तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. त्यांनी तो घेतला आणि स्पीकर लावला. नातेवाइकांना ऐकू जावं एवढा मोठा.

“हं, आता मेनवर जा. नाही, त्या मेनवर नाही. माझ्या टेबलावरच्या मेनवर. काय आलं? पडद्यावर पाटी आली? पाटी आली की यस म्हणायचं. किती वेळा सांगितलं, पाटी आली की यस.”

पलीकडून बिचारा ऑपरेटर दर वाक्याला “हो सर, हो सर” करत होता. तासाभरात तीन फोन आले. तिसऱ्या फोनला त्यांचे एक चुलते, हातातला जिलबीचा तुकडा तसाच धरून, शेजारच्याला म्हणाले, “लई मोठी जबाबदारी हाय बगा भाऊवर. लग्नात सुदिक सोडंनात त्येला.” टाकळीकरांनी ते ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नवऱ्या मुलीचा बापसुद्धा त्या मांडवात एवढा खूश नव्हता.

ते असे का झाले, हे त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. चहाच्या वेळी, मी काही न विचारता. ते छापखान्यात लागले तेव्हा शिशाचे खिळे जुळवणारे एक आबा होते. सगळ्यांना काम शिकवायचे. टाकळीकरांनाही त्यांनीच शिकवलं. कॉम्प्युटर आला आणि आबा एका आठवड्यात घरी गेले. “सगळं सांगून बसला म्हातारा,” टाकळीकर म्हणाले, “मग ठेवायचं कशाला त्याला? बाई, माणसानं हातचं राखून असावं.” मला त्यांची भीती कळली. पण कारण कळलं म्हणून माणूस आवडायलाच हवा असं नाही. आबांनी ज्याला शिकवलं, तो आबांच्या नावानं दुसऱ्यांना आंधळं ठेवत होता, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग रेणुका आली.

तेलुगू विणकर घरातली मुलगी, तेविशीची. वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि टायपिंगचा वेग असा की शेजारच्यानं आपली बोटं लपवावीत. पहिल्या दिवशी तिनं ‘न्यू’ आणि ‘न्यू न्यू’कडे बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “काकू, ह्यातलं नवं कुठलं?”

“न्यू न्यू.”

“मग न्यू?”

“जुनं.”

ती हसली नाही. म्हणाली, “आमच्यात बीमवर, म्हणजे सुताच्या रुळावर, चिठ्ठी नसली तर माग कुणी चालू करत नाही. कुठलं सूत, किती तार, सगळं लिहिलेलं असतं. बाबा म्हणतात, चिठ्ठी नसलेलं बीम घेतलं की दिवस गेला.”

दोन महिने तिनं सहन केलं. एका दुपारी टाकळीकर दात काढायला गेले होते. रेणुकानं डबा अर्ध्यावर ठेवला आणि सहाही मशीनवर एकेक करून बसली. राइट क्लिक करून प्रत्येक आयकॉन कुठं जातो ते बघितलं, आणि खालची नावं बदलली: ‘१ जुनं – जुन्या फॉन्टच्या फायली’. ‘२ मधलं – शाळेची पुस्तकं’. ‘३ नवं – युनिकोड’. सहाही मशीनवर तीच नावं, त्याच क्रमानं. पाऊण तास लागला. एकोणीस वर्षं जे चाललं होतं, ते पाऊण तासाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकळीकर सुजलेला गाल घेऊन आले आणि बसले. साडेदहा वाजले, अकरा वाजले. त्यांच्या टेबलाशी कुणी आलं नाही. त्यांनी दोनदा चहा मागवला. खोलीतून एक चक्कर मारली. प्रत्येकाच्या मागं थोडं थांबले. सगळे कामात. शेवटी पहिल्या मशीनसमोर ते उभे राहिले आणि वाकून पडद्यावरची नावं वाचली. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती.

“हे कुणी केलं?”

रेणुका उभी राहिली. “मी केलं सर.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग कशाला केलं?”

“वाचता यावं म्हणून.”

वाचता यावं हे कारण छापखान्यात टाकळीकरांच्या कानावर पहिल्यांदाच पडलं असावं. मग ते मालकांच्या केबिनमध्ये गेले, आणि बाहेर आले ते हुकूम घेऊनच. कंपनीच्या सिस्टीमला कुणी परस्पर हात लावायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत ते एकेका मशीनवर फुंकर मारत बसले आणि सगळी नावं पूर्ववत केली. न्यू, न्यू न्यू, मेन. निदान आम्हाला वाटलं की पूर्ववत केली.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी लोखंडे गुरुजींचा फोन आला.

गुरुजी अकलूजचे निवृत्त मुख्याध्यापक. आठ वर्षं ते एक कोश करत होते. ऊस यायच्या आधी, कोरडवाहू शेतीच्या काळात त्या भागातली माणसं जे शब्द बोलायची, त्या शब्दांचा. दर दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, कापडी पिशवीत पोस्टकार्डाएवढे कागद घेऊन. एका कागदावर एक शब्द, त्याखाली तो कुणाच्या तोंडून ऐकला ते, आणि त्या माणसाचं एक वाक्य, जसंच्या तसं. त्यातली निम्मी माणसं आता नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं होतं, “बाई, लोकं जशी बोलत्यात तसंच छापायचं. माझ्या न्हायचं कुणी नाही करू नका.” तपासनिसाचा हात असल्या ठिकाणी आपोआप चालतो. तो मी आठ वर्षं आवरून धरला. शेवटचं मुद्रित गुरुजींनी आणि मी दोघांनी मिळून वाचलं, सह्या केल्या. रविवारी अकलूजला प्रकाशन ठरलं.

गुरुवारी फोन आला तो अर्पणपत्रिकेसाठी. बायकोच्या नावात एक वेलांटी चुकली होती. रेणुकानं फाईल उघडली. जुनी फाईल, म्हणून तिनं ‘न्यू’ दाबलं. सूचनेची एक पाटी आली. पाटी आली की यस म्हणायचं, हे त्या खोलीत सगळ्यांना शिकवलेलं एकमेव शास्त्र होतं. तिनं यस म्हटलं, वेलांटी बदलली, सेव्ह केलं आणि मला विचारलं, “काकू, परत एकदा प्रूफ काढू?”

मी म्हटलं, “एका वेलांटीसाठी कशाला?”

हे वाक्य माझं आहे. त्या चुकीतला माझा वाटा मी टाकळीकरांच्या पदरात टाकणार नाही. त्यांच्या पदरात जागा नाही.

रविवारी मी अकलूजला गेले. शाळेच्या सभागृहात शे-सव्वाशे माणसं होती. बहुतेक म्हातारी, बरीचशी स्वतःच पुस्तकात असलेली. गुरुजींनी नवा सदरा घातला होता. भाषण नको म्हणाले, थोडं वाचूनच दाखवतो. पुस्तक उघडून त्यांनी आपल्या आजीचं वाक्य काढलं. दुष्काळाच्या वर्षी ती दारात बसून म्हणायची ते.

“आडाला पाणी हाय, पोहऱ्याला दोर हाय, कणगीत दाणा हाय...”

गुरुजी थांबले. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “गुर्जी, सगळा सुकाळच झाला की वो.”

सगळे हसले. गुरुजीही हसले. मग त्यांनी पान उलटलं. अजून एक उलटलं. मी माझ्याजवळची प्रत उघडली. जुन्या फॉन्टमध्ये ‘न्ह’ हे एकच अक्षर होतं, त्याची वेगळी कळ होती. नव्या आवृत्तीत येताना त्यातला अर्धा न गळला होता आणि नुसता ह उरला होता. उन्हाळ्याचा उहाळा झाला होता, न्हाणीची हाणी झाली होती. ते निदान डोळ्याला खुपत तरी होतं. पण ‘न्हाय’ जिथं जिथं होतं, तिथं स्वच्छ, शुद्ध ‘हाय’ झालं होतं. रान पिकलं हाय. लेकराला दूध हाय. सावकाराला दया हाय. दोनशे दहा पानांत आमच्या छापखान्यानं एकाही गरिबाला नाही म्हणू दिलं नव्हतं.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. म्हणाले, “आपण च्या घिऊ आधी.” आणि लोकांना चहा द्यायला स्वतः उठले. चार कपबशा दिल्यावर एका बाईनं त्यांच्या हातून ट्रे काढून घेतला.

सोमवारी ते सोलापुरात आले. आरडाओरडा नाही. एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली. पेन्सिलीनं खुणा केलेली. खुणांना अंत नव्हता. मालकांनी टाकळीकरांना बोलावलं, रेणुकाला बोलावलं, मीही गेले.

टाकळीकरांनी चार पानं चाळली. “हिनं चुकीच्यात उघडली,” ते म्हणाले. “मी हिला तीनदा बजावलं होतं.” मग गुरुजींकडे वळून, समजुतीच्या सुरात, “आणि गुरुजी, तसं फार काही बिघडलेलं नाही. गावठी भाषा आहे. हाय काय अन् न्हाय काय, वाचणाऱ्याला कळतं.”

आठ वर्षं गुरुजींनी घरोघर जाऊन गोळा केलेलं सगळं त्या माणसानं एका वाक्यात झाडून टाकलं होतं, आणि झाडल्याचं त्याला कळलंही नव्हतं. टाकळीकरांबद्दल मला आधी राग होता. त्या क्षणी तो संपला. राग निदान बरोबरीच्या माणसाचा येतो.

“शुद्धिपत्र लावू की,” टाकळीकर पुढं म्हणाले. “एक चिठ्ठी डकवायची. ‘हाय’ऐवजी ‘न्हाय’ वाचावे.”

“मग जितं खरंच हाय हाय,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “तितं काय वाचायचं?”

मालकांनी रेणुकाकडे बघितलं. तिच्या नोकरीचं काय होणार ते त्या बघण्यातच होतं. पण ती बोलली ती सरळ बोलली. “मी न्यूमध्येच उघडली. न्यू म्हणजे जुनं, असंच इथं चालत आलंय. माझ्या मशीनवर न्यू दाबलं की काय उघडतं, ते सरांनाच दाखवायला सांगा.”

आम्ही सगळे तिच्या मशीनपाशी गेलो. खोलीतली बाकीची माणसं काम थांबवून बघायला लागली. टाकळीकर बसले. फुंकर मारली. हात मॉनिटर वळवायला गेला.

“असू दे,” मालक म्हणाले. “आम्हालाही दिसू दे की.”

टाकळीकरांनी ‘न्यू’ दाबलं. पडदा भरला, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आलं. नवी आवृत्ती. त्यांनी ती घाईनं बंद केली. “हां, हे नव्हे,” म्हणाले आणि ‘मेन’ दाबलं. मधली. बंद केली. ‘न्यू न्यू’ दाबलं. परत नवी. त्यांनी पुन्हा ‘न्यू’ दाबलं, जणू एवढ्या वेळात आतून बदललं असेल. पुन्हा नवी.

जुन्या आवृत्तीचा आयकॉनच त्या मशीनवर उरला नव्हता. नावं पूर्ववत करताना त्यांनी दोन वेगळ्या नावांनी एकच गोष्ट दोनदा लावून ठेवली होती.

ते कपटानं केलं असतं तर मला एक वेळ चाललं असतं. पण ते कपट नव्हतं. सरांना माहीतच नव्हतं. त्या दोन-तीन मिनिटांत मला उलगडलं, की मॉनिटर वळवून इतकी वर्षं आत काय चालत होतं. एक उघडायचं, नाही जमलं की दुसरं, नाही जमलं की तिसरं. नजर म्हणतात ती एवढीच. मॉनिटरची पाठ बघत बसलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मूर्ख ठरवलं होतं.

मालकांनी विचारलं, “टाकळीकर, जुनं कुठं गेलं?”

टाकळीकरांनी रुमालानं मान पुसली. “व्हायरस असेल,” ते म्हणाले.

रेणुकानं त्यांच्या खांद्यावरून हात पुढं करून माउस घेतला आणि राइट क्लिक करून दाखवलं. ‘न्यू’ कधी तयार केला त्याची वेळ तिथं होती. मागच्या मंगळवारची, जेवणाच्या सुट्टीतली.

असल्या गोष्टींचा शेवट जसा होतो तसाच याचाही झाला. टाकळीकरांना काही झालं नाही. जुना माणूस, मालक म्हणाले. रेणुकाला, पुढच्या वेळी जपून, असं सांगण्यात आलं. मूळ फाईलवर नवी फाईल बसली होती, आणि टाकळीकरांच्या ‘बॅकअप’ आणि ‘बॅकअप न्यू’ या दोन्ही फोल्डरांत गेल्या दिवाळीची पत्रकं निघाली. पण शेवटचं मुद्रित माझ्या कपाटात होतं, गुरुजींच्या सहीचं. पुस्तक पुन्हा छापायचं असं मालकांनी कबूल केलं. तेही गुरुजी केबिनमधून उठायला तयार होईनात म्हणून.

रेणुकानं दोनशे दहा पानं परत टाइप केली. तीन आठवडे. गुरुजी रोज सकाळच्या एसटीनं यायचे आणि तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे. मी वाचायची, ती टाइप करायची, ते ऐकायचे. मध्येच थांबवून सांगायचे, हे वाक्य पाटलाच्या विहिरीवरच्या म्हातारीचं, हे वाक्य माझ्या वर्गातल्या पोराच्या बापाचं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आम्ही तिघं मिळून खायचो. एकदा रेणुका म्हणाली, “गुरुजी, तुमच्या लोकांकडं काहीच नव्हतं काय हो? पानापानावर न्हाय न्हाय.” गुरुजी म्हणाले, “व्हय की. पर सांगाय तोंड हुतं.” त्या तीन आठवड्यांत टाकळीकर समोरच्या टेबलावर होते. एकदाही उठून आले नाहीत. एका शब्दानं चूक म्हणाले नाहीत. पहिली प्रत बांधून आली तेव्हा ती उचलून कागदाला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, “कागद बरा लागलाय.”

पुढं रेणुकाला टॉवेलच्या डिझाइनचं काम करणाऱ्या एका ऑफिसात जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी तिनं सहाही मशीनवर पुन्हा नावं बदलली, आणि या वेळी मालक स्वतः तिच्या मागं उभे होते. १ जुनं, २ मधलं, ३ नवं. टाकळीकर खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती. ती चार वर्षं त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते वेळेवर यायचे, कीबोर्डवर फुंकर मारायचे, चहा प्यायचे. एकदा दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “बाई, काही अडलंय का?” मी “नाही” म्हटलं. खरं सांगायचं तर मी ते ‘नाही’ जरा लांबवून म्हटलं. ते थोडे थांबले, माझं पेन उचललं, परत ठेवलं आणि गेले. घरी गेल्यावर मला माझंच थोडं वाईट वाटलं. फार नाही.

मागच्या महिन्यात मी डोळे दाखवायला एका दवाखान्यात गेले होते. सकाळची गर्दी, बाहेरगावची माणसं बरीच. आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर एक मोठी पाटी आहे. नवीन केसपेपर कुठं, जुना कागद कुठं दाखवायचा, औषधं कुठल्या खिडकीत मिळतात, सगळं मराठीत ठळक लिहिलेलं. त्या पाटीला पाठ लावून, हात मागं बांधून टाकळीकर उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. येणारी माणसं पाटीकडे बघायला यायची आणि पाटी दिसेना म्हणून त्यांनाच विचारायची. ते लगेच सांगत नव्हते. आधी त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघत होते, मग हनुवटीनं कुठलीशी खिडकी दाखवत होते. एक धोतरवाले गृहस्थ त्यांनी दाखवलेल्या खिडकीवर गेले आणि तिथून परत पाठवले गेले. टाकळीकरांनी त्यांना दुसरी खिडकी दाखवली.

त्यांनी मला बघितलं नाही. मीही हाक मारली नाही.

तेवढ्यात साठी उलटलेली एक बाई आली. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, एका डोळ्याला हिरवी पट्टी. टाकळीकरांनी गळा साफ केला. ती काही विचारेना. नुसती उभी राहिली, मान इकडे करून, मान तिकडे करून.

“काय पाहिजे?” शेवटी टाकळीकरांनीच विचारलं.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “वाईच सरका की बाबा. पाटी वाचू द्या.”

टाकळीकर सरकले. बाईनं उघड्या डोळ्यानं, बोट फिरवत, तोंडातल्या तोंडात सगळी पाटी वाचली, आणि बरोबर खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती गेल्यावर टाकळीकर पुन्हा पहिल्या जागी आले आणि पाटीला पाठ लावून उभे राहिले.